कोंबडीनं काय खाल्लं?

'गावरान' हा शब्द आमच्या गावात नव्हता. गावरान तूप, गावरान वांगी, गावरान कोंबडी असं काटोलकडच्या आमच्या खेड्यात कोणी म्हणत नसे. सगळंच गावचं, तर त्याला वेगळं नाव कशाला ठेवायचं? अंड्याला अंडं म्हणत. पुढं पोल्ट्रीतली पांढरी अंडी आली. त्यांना लोक 'फारमचे अंडे' म्हणू लागले, आणि मग उरलेल्या अंड्यांनाही आपोआप नाव पडलं. म्हणजे गावरान हा शब्द गावाला शहरानं दिला असं म्हणायला हरकत नाही.

आज नागपुरात अंड्यांच्या दुकानात तीस-तीसच्या ट्रेची थप्पी एकीकडे असते आणि टोपलीत भुशावर मांडलेली लहानखुरी, भुरकट अंडी दुसरीकडे. थप्पीतलं अंडं सहा-सात रुपयांना, टोपलीतलं पंधराला, कधी वीसला. घेणारा वरचे दहा रुपये कशाचे देतो? चवीचे देतो म्हणाला तर माझी काही तक्रार नाही. चव वेगळी लागते, हे मी लहानपणापासून खातो म्हणून सांगू शकतो. पण बहुतेक लोक चवीचं नाव घेत नाहीत. ते म्हणतात, "शुद्ध असतं हो ते."

या शुद्धपणात अलीकडं एक नवी शंका शिरली आहे. कोंबडीला जे खाऊ घालतात ते कसलं असतं? जनुक बदललेल्या सोयाबीनची पेंड, जीएम म्हणतात ती, तर तिच्या पोटात जात नाही ना? आणि तिच्या पोटातून आपल्या पोटात? शिकलेली, चांगल्या घरची माणसं मला हे काळजीनं विचारतात. मी गावचा, म्हणून मला माहीत असेल असं त्यांना वाटतं. मला जे माहीत आहे ते सरळ एका बाजूचं नाही. म्हणून ते नीट मांडायचा हा प्रयत्न.

आमच्या आजीजवळ दहा-बारा कोंबड्या असत. त्यांना दाणा टाकायची वेळ वर्षातून फार थोडे दिवस यायची. खळ्यात ज्वारीची मळणी व्हायची, तिथं सांडलेलं त्या महिना-महिना वेचत. घरात दळण-कांडण व्हायचं, त्याची चुरी आणि कोंडा अंगणात पडायचा. उकिरड्यात किडे, कुंपणाला वाळवी, पावसाळ्यात गांडुळं. संध्याकाळी त्या आपल्या पायानं खुराड्यात यायच्या आणि आजी दार लावताना मोजायची. एखादी कमी भरली तर कंदील घेऊन सगळी वाडी धुंडाळायची. मुंगसानं नेली असेल तर दोन दिवस घरात सुतक असल्यासारखं.

अंडं मात्र आम्हाला सहज मिळत नसे. अंडं म्हणजे आजीची पेटी. बाजाराच्या दिवशी अंडी जायची आणि मीठ-मिरची, काडेपेटी, कधी आमच्या पाटीची पेन्सिल यायची. घरात अंडं शिजायचं ते बाळंतिणीसाठी, तापातून उठलेल्यासाठी, नाहीतर जावई आले तर. गावची कोंबडी एका खेपेला बारा-पंधरा अंडी देते आणि खुडूक बसते. मग एकवीस दिवस ती जागची हलत नाही. पिल्लं निघाली की दोन-तीन महिने त्यांच्यामागं. वर्षाचा हिशोब साठ-सत्तर अंड्यांचा, फार तर ऐंशी. त्यातली काही उबवायला, काही मांजरीला, उरलेली बाजारात. एकदा आजी मला म्हणाली होती, "बाबू, कोंबडी आपल्यासाठी नाही अंडे देत. ते आपल्या लेकरासाठी देते. आपन मधातून घेतो." ती तिसरी शिकली नव्हती. पण मला वाटतं, अंडं खाण्याच्या नीतीवर याहून थोडक्यात कोणी बोललेलं मी ऐकलं नाही.

तेव्हा 'हिनं काय खाल्लं' असं कोणी विचारलं असतं तर आजी बोट दाखवू शकली असती. त्या वावरातली ज्वारी. त्या उकिरड्यातला किडा.

मग वावर बदललं. विदर्भात सोयाबीन आलं, ते ऐंशीच्या दशकानंतर पसरत गेलं आणि ज्वारी मागं हटली. याची चर्चा माणसांच्या भाकरीच्या अंगानं झाली, कडब्याच्या आणि बैलांच्या अंगानंही झाली. कोंबडीच्या अंगानं कोणी केली नाही. पण ज्वारी गेली तेव्हा कोंबडीचं ताटच उचललं गेलं. सोयाबीनच्या मळणीत कच्चा दाणा सांडतो, तो पचायला जड; कोंबडी त्यावर ज्वारीसारखी जगत नाही. पुढं मळणीयंत्र वावरातच येऊ लागलं आणि घराजवळ खळंच राहिलं नाही. आता गावातली कोंबडी रेशनच्या तांदळाची कणी खाते, आणि उरलेलं पोट गोठ्यात भरते.

गोठ्यात असते ढेप. शहरातल्या वाचकासाठी सांगतो: सरकीचं तेल काढल्यावर जे उरतं ती ढेप. गाई-म्हशींना ती भिजवून देतात. टोपल्यातून सांडते, गव्हाणीच्या कडेला चिकटून राहते, आणि कोंबड्या ती टिपत असतात. आता ही सरकी कसली? भारतात बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली आणि दहा-बारा वर्षांत देशातल्या कापसाच्या पेऱ्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग बीटीचा झाला. बीटी म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसात घातलेलं, बोंडअळीनं पान-बोंड खाल्लं की ती मरावी म्हणून. आमच्या भागात आज साधी सरकी शोधूनही मिळायची नाही. तर ढेप बीटीची, आणि ती टिपणारी कोंबडी गावरान.

इथं गोष्ट उलटी होते, आणि ती कोणी सांगत नाही. पोल्ट्रीतल्या कोंबडीचं खाद्य मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड, सोबत तांदळाचा कोंडा आणि कवचासाठी शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडी. भारतात जीएम मका किंवा जीएम सोयाबीन पेरायला आजवर परवानगी नाही. आणि सरकीची ढेप अंड्याच्या कोंबडीला जास्त घालता येत नाही, कारण सरकीत गॉसिपॉल नावाचं एक द्रव्य असतं. ते पोटात गेलं तर अंडं ठेवल्यावर बलक हिरवट पडतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणजे बदललेल्या जनुकाचा घास विदर्भात पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या आधी आणि तिच्याहून नेमानं कोणी खाल्ला असेल, तर तो अंगणातल्या मोकळ्या कोंबडीनं.

जानेवारी २०१० मध्ये बीटी वांग्याचा वाद पेटला तेव्हा केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी देशात सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यातलं एक शहर नागपूर होतं. केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरात १९७६ पासून आहे, त्यामुळं इथं हा विषय नवा नव्हता. फेब्रुवारीत त्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली आणि ती अजून उठलेली नाही. वांगं आपण थेट खातो म्हणून आपण जागे झालो. ढेप गाय खाते, कोंबडी खाते, म्हणून तिच्याबद्दल तितका आवाज उठला नाही. दुसऱ्याच्या पोटातून फिरून आलेल्या घासाबद्दल आपण असे निवांत असतो.

पुढं २०२१ साल आलं. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पोल्ट्रीवाले हवालदिल झाले, कारण त्यांचा सगळ्यात मोठा खर्च खाद्याचा. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं बारा लाख टन जीएम सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. पेंड दळलेली, तेल काढलेली, म्हणजे तिच्यातून काही उगवण्याची भीती नाही, असं कारण दिलं. महिन्या-दीड महिन्यात आमचं नवं पीक बाजारात यायचं होतं. भाव घसरले आणि काढणीच्या दिवसांत जवळजवळ निम्म्यावर आले.

आमच्या गावच्या पारावर तेव्हा दोघांची जुंपलेली मी पाहिली आहे. एकाची आठ एकर सोयाबीन, दुसऱ्याचं उमरेड रस्त्याला कोंबड्यांचं शेड. पहिला म्हणे, "तुह्या कोंबड्याईसाठी आमच्या तोंडातला घास काढला." दुसरा म्हणे, "दहा हजारानं पेंड घेतली त अंडा कितीले इकू? तुह्याच पोट्ट्याईले परवडन का?" दोघंही खोटं बोलत नव्हते. आणि दोघांपैकी एकाच्याही तोंडून जीएम हा शब्द निघाला नाही. एकाला भावाची चिंता होती, दुसऱ्याला कर्जाच्या हप्त्याची. जीएमची चिंता करायला माणसाला थोडं निवांतपण लागतं. यावरून ती चिंता खोटी ठरत नाही. पण ती कोणाला परवडते, हे विसरून बोलू नये.

आता खाणाऱ्याच्या तब्येतीचं. जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच सांगतो. कोंबडीनं खाल्लेलं जनुक तिच्या पोटात इतर अन्नासारखंच तुटतं, पचतं. जीएम खाद्य खाणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत ते बदललेलं जनुक किंवा त्यातून तयार होणारं प्रथिन उतरलेलं आजवरच्या तपासण्यांत दिसलेलं नाही. म्हणून युरोपातसुद्धा, जिथं जीएम अन्नावर तशी चिठ्ठी लावणं सक्तीचं आहे, तिथं जीएम खाद्यावर पोसलेल्या जनावराच्या दुधावर, मांसावर, अंड्यावर ती लावावी लागत नाही. प्रथिनं मोजली तर दोन्ही अंड्यांत जवळपास सारखीच, एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. बलकाचा रंग हिरवा चारा आणि पिवळ्या मक्यावर. खाद्यात झेंडूच्या फुलांचा अर्क घातला तर पिंजऱ्यातल्या कोंबडीचा बलकही शेंदरी होतो. तेव्हा अंडं फोडून "पाहा कसा रंग आहे" म्हणणाऱ्यानं जरा थांबावं.

मग भ्यायचं कशाला? दोन्हीकडं भ्यायला जागा आहे, पण ती जनुकात नाही. पोल्ट्रीत औषधांची भीती आहे. कोलिस्टिन नावाचं प्रतिजैविक, माणसाला शेवटच्या आशेवर देतात ते, कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यात घातलं जात होतं. २०१९ मध्ये सरकारला त्यावर बंदी आणावी लागली. आणि मोकळ्या कोंबडीची भीती ती जिथं मोकळी आहे त्या जमिनीची. जगात ठिकठिकाणी परसातल्या कोंबड्यांच्या अंड्यांत मातीतलं शिसं, डायॉक्सिन उतरलेलं सापडलं आहे. आमच्याकडं तर फवारणी. बीटीमुळं फवारणी संपेल असं सांगितलं होतं. गुलाबी बोंडअळी त्याला सरावली, आणि २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारता-फवारता वीसहून जास्त शेतकरी-मजूर विषबाधेनं गेले. ज्या वावरात माणूस टिकला नाही, त्या वावराच्या बांधावर मेलेले किडे टिपणारी कोंबडी शुद्ध कशी राहील? पेरणीच्या दिवसांत औषध लावलेलं लाल-निळं बियाणं सांडतं. ते खाऊन कोंबड्या पटापट मेलेल्या आमच्या गल्लीनं पाहिल्या आहेत.

आमच्या वहिनींनी पाच-सहा वर्षांपूर्वी पुन्हा कोंबड्या पाळल्या. तीस-पस्तीस. पुतण्या आठवड्यातून एकदा मोटारसायकलनं नागपुरात एका सोसायटीत नऊ घरी अंडी देऊन येई. अंड्याला पंधरा रुपये मिळत. पुतणीच्या नर्सिंगच्या फीला ते पैसे लागत. एकदा तिथल्या बाईंनी फोनवर निरोप पाठवला, सगळ्या घरांच्या वतीनं: तुमच्या कोंबड्यांना जीएम खाद्य देत नाही, असं एका कागदावर लिहून सही करून पाठवा. मी तेव्हा गावी होतो. पुतण्यानं कागद-पेन माझ्यापुढं ठेवलं.

"लिहून टाका काका. कोन पाहाले येते इथं?"

वहिनी चुलीपुढं होत्या. तिथूनच म्हणाल्या, "थांबा भाऊजी. आपल्या कोंबड्या गोठ्यात हिंडतात. ढेपीच्या टोपल्यात चोच घालतात. मंग कसं लिवता?"

"त्याईले काय मालूम पडते, माय?"

"त्याईले नाही मालूम. मले त मालूम हाय ना."

मी वहिनींना म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहितो. त्यांनी सांगितलं ते जवळपास असं: आमच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात. सकाळी मूठभर तांदळाची कणी देतो. बाकी अंगणात, उकिरड्यात, गोठ्यात सापडेल ते खातात. गोठ्यात बीटी सरकीची ढेप असते, तीही खातात. मानमोडीची लस देतो. दुसरं औषध देत नाही. शेजारच्या वावरात फवारणी असली की दोन दिवस कोंडून ठेवतो. खाली त्यांनी आपलं नाव लिहिलं, सावकाश, जोडाक्षराशी थांबून.

नऊपैकी चार घरांनी अंडी बंद केली. आठवड्याला दोनशे-अडीचशे रुपयांचा फटका म्हणजे शहरात काही नाही. आमच्याकडं तो महिन्याच्या किराण्याचा मोठा वाटा असतो. पुतण्या आईवर पंधरा दिवस धुसफुसत होता. त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. तो म्हणाला, "गिऱ्हाईकाले खरं आयकाचं नसन त आपनच काऊन सांगाव? चहाच्या पान्यात बुडवून पांढरे अंडे गावरान म्हनून इकनारे मजेत हायेत." तसं करणारे आहेत हे खरंच आहे. गिऱ्हाईकाच्या मनात जो गाव आहे तो त्याला विकून ते पैसे घेतात. गिऱ्हाईक खूश, विकणारा खूश. मग खोटं ते कुठं अडतं?

मला वाटतं ते इथं अडतं. त्या पाच उरलेल्या घरांतल्या एका बाईंनी कागद वाचून फोन केला. त्यांनी विचारलं, "फवारणीनंतर दोन दिवस पुरतात का हो?" तोवर त्यांच्यापैकी कोणी फवारणीबद्दल बोललंच नव्हतं. वहिनींनी त्याच आठवड्यात कृषी सहायकाला गाठून विचारलं, आणि दोन दिवसांचे पाच-सहा दिवस केले. त्या दिवसांत हिरवा पाला आत टाकू लागल्या. कागदावर 'जीएम नाही' एवढंच असतं तर हा प्रश्न कोणी विचारला नसता. सगळे निश्चिंत राहिले असते, आणि खरी जी भीती होती तीवर कोणाची नजर गेली नसती. खोट्या चिठ्ठीचा तोटा मला यात दिसतो. ती फसवते हे तर आहेच, पण पुढचा प्रश्नही बंद करून टाकते.

म्हणून मला वाटतं, गावरान शब्दाचे वरचे दहा रुपये शुद्धपणाचे समजू नयेत. शुद्ध असं काही आमच्याजवळ उरलेलं नाही. जे वावर तुम्ही-आम्ही मिळून असं केलं, त्यातल्या एका बाईच्या कोंबडीनं तेवढी शुद्ध राहावं, ही मागणी न्यायाची नाही. ते पैसे द्यायचे तर दोन गोष्टींचे द्यावेत. एक, कोंबडीनं काय खाल्लं हे सांगणारं कोणीतरी नावागावानं समोर आहे. आणि दुसरी, ती कोंबडी चालते, उकरते, धुळीत लोळते, खुडूक बसते.

ही दुसरी गोष्ट खाद्याच्या भांडणात हरवून जाते. मी ते उमरेड रस्त्याचं शेड आतून पाहिलं आहे. एकेका पिंजऱ्यात तीन-चार कोंबड्या. एकीच्या वाट्याला जागा वहीच्या पानापेक्षा फार मोठी नाही. एकमेकींना टोचू नये म्हणून चोचीचं टोक कापलेलं. रात्रीही दिवा, कारण उजेड कमी झाला की अंडी कमी होतात. अशी कोंबडी रोज शंभर-एकशे दहा ग्रॅम खाद्य खाते आणि वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. पंख ती एकदाही पूर्ण पसरत नाही. भारताच्या विधी आयोगानं २०१७ साली २६९ वा अहवाल याच विषयावर दिला. युरोपात असे पिंजरे २०१२ पासून बंद झाले. शेडचा मालक निर्दय माणूस नाही. तो म्हणाला, "कोंबडी बिमार पडली का माह्या घरची चूल बिमार पडते." त्याचा भाव रोज सकाळी फोनवर येतो, त्यात त्याला अंड्यामागं काही पैसे सुटतात, कधी तेही नाही. पिंजऱ्याची जागा दुप्पट कर म्हटलं तर तो बुडेल. मग ती दुप्पट जागा कोणी द्यायची? उत्तर टाळता येत नाही: खाणाऱ्यानं.

आणि इथंच पाय अडखळतो. कारण सहा रुपयांचं ते अंडं म्हणजे आज कित्येक घरांतल्या पोरांना परवडणारं तेवढंच सकस अन्न आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचा निधी थांबवला. अंडं कोणतं, यावर काही घरांत बोलणं चालतं. अंडं मिळेल का, यावर बाकीच्यांत. त्या दुसऱ्या घरांना जाऊन "तुम्ही खाता ते विष आहे" असं सांगणं मला पाप वाटतं, आणि वर सांगितल्याप्रमाणं ते खरंही नाही. ज्याला पंधरा रुपये देता येतात त्यानं द्यावेत. पण त्या पंधरा रुपयांत आपण सहा रुपयेवाल्याहून चांगले झालो, असं समजू नये. त्यानं पिंजऱ्यातल्या कोंबडीचा विचार केला नाही, कारण त्याला पोराचा करायचा होता. ज्याची पोरं पोटभर जेवली आहेत त्याच्याकडं पिंजऱ्याचा विचार आधी येतो. जागा वाढवणारा कायदा मागणं आणि त्यापायी सगळ्यांचं अंडं रुपया-दोन रुपयांनी महागलं तर शाळेतल्या अंड्याचा खर्च सरकारनं उचलावा म्हणणं, हे त्याचं काम.

माझं म्हणणं एवढंच की खाणाऱ्याची तब्येत, कोंबडीचं जगणं आणि सांगणाऱ्याचा खरेपणा हे तीन वेगळे प्रश्न आहेत. 'गावरान' या एका शब्दात ते आपण गुंडाळतो आणि वर पंधरा रुपये ठेवले की तिन्ही सुटले असं धरून चालतो. जीएमच्या भीतीनं तर त्यातला सगळ्यात लहान प्रश्न सगळ्यात मोठा करून टाकला.

पुढच्या वेळी बाजारात टोपलीपुढं उभे राहाल तेव्हा "गावरान आहे ना?" असं विचारू नका. त्याचं उत्तर 'हो' शिवाय दुसरं येत नाही. "कोंबडी काय खाते?" असं विचारा. विकणारी बाई थोडी थांबली, आठवून सांगू लागली, आणि सांगताना ढेप, कणी, उकिरडा असं काही म्हणाली, तर नाक मुरडू नका. तेवढीच कोणी तुमच्याशी खरं बोलते आहे.